बारीक, सरळ केसांत जुन्या धाटणीचे कर्ल: बसतात कसे आणि ब्रश मारूनही टिकतात कसे

ड्रेसिंग गाऊनचा कापडी पट्टा डोक्यावर आडवा ठेवायचा, ओलसर केस त्याच्याभोवती गुंडाळायचे आणि तसंच झोपायचं. सकाळी पट्टा ओढून काढला की कुरळे केस तयार. गेल्या काही वर्षांत असे व्हिडिओ इतके फिरले की घरोघरच्या मुलींनी हा प्रयोग करून पाहिला. ज्यांचे केस मुळात जाड किंवा थोडे लहरी होते त्यांना तो जमला. ज्यांचे केस बारीक आणि अगदी सरळ, त्यांचे कर्ल आरशासमोर छान दिसले आणि स्टेशन गाठेपर्यंत उतरले. रिसेप्शनसाठी पार्लरमधून ‘रेट्रो लूक’ करून घेणाऱ्यांचीही हीच तक्रार असते: एवढा स्प्रे मारला, तरी जेवणाच्या पंगतीपर्यंत केस पुन्हा पहिल्यासारखे.

मग ‘आमच्या केसांना काही धरतच नाही’ असं म्हणून विषय संपवला जातो. तो तिथे संपायला नको. १९४०च्या दशकातल्या अमेरिकन आणि युरोपीय बायकांचे फोटो आपण पाहतो, त्यांच्यातही बारीक आणि सरळ केसांच्या बायका भरपूर होत्या. त्यांनी जे केलं त्यामागे एक साधं शास्त्र आहे. केसाला वळण लागतं ते पाणी केसातून बाहेर जात असताना. स्प्रे त्यानंतर येतो आणि त्याचं काम फार थोडं असतं. ज्या ब्रशला आपण घाबरतो, तो या कामाचा दुसरा अर्धा भाग आहे.

फोटोतले केस एका दिवसात झालेले नसत

आधी एक गैरसमज दूर करू. जुन्या फोटोतली मोठी, चमकदार, एकसंध वळणं बघून वाटतं की सकाळी उठून कोणीतरी ती केली असतील. त्यामागे सहसा तीन थर असत: योग्य कापलेले केस, बऱ्याचदा आधी केलेलं पर्म, म्हणजे केसांत कायमची पाडून घेतलेली लाट, आणि त्यावर दर आठवड्याचा ‘सेट’, म्हणजे ओले केस गुंडाळून तसेच वाळवणं.

कुरळे केस टिकवण्याची धडपड त्याहून जुनी. पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो यांनी १८७२च्या सुमारास तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडण्याची पद्धत आणली. त्या लाटा सुंदर दिसत, पण केस धुतले की जात. मग कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने १९०५च्या सुमारास लंडनमध्ये कायमच्या लाटांचं यंत्र दाखवलं. केस सळ्यांवर गुंडाळायचे, त्यांना अल्कली लावायची आणि छताला टांगलेल्या विजेच्या तापकांत ते तासन्‌तास भाजत ठेवायचे. सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांची पत्नी कॅथरिना यांचे केस जळाले आणि टाळूही भाजली. पुढे शिकागोच्या मार्जरी जॉयनर यांना १९२८ साली अशाच एका यंत्राचं पेटंट मिळालं. १९४०च्या दशकात उष्णतेशिवाय, फक्त रसायनाने होणारं ‘कोल्ड पर्म’ घरोघर पोहोचलं.

म्हणजे ज्या बाईचा फोटो दाखवून आपण पार्लरमध्ये ‘असं करा’ म्हणतो, तिच्या केसांत कदाचित आधीच एक पक्की लाट होती. पर्म न केलेल्या सरळ केसांनी तिच्याशी बरोबरी करायची, तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या नीट पाळाव्या लागतात.

आता दुसरी बाजू. ‘त्यांचे केसच वेगळे असतील’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी व्हेरोनिका लेकचं उदाहरण मला फार आवडतं. एका डोळ्यावर ओघळणाऱ्या लांब लाटेमुळे ही अमेरिकन अभिनेत्री १९४०च्या सुरुवातीला इतकी गाजली की युद्धकाळात कारखान्यांत काम करणाऱ्या मुली तिची नक्कल करू लागल्या. मोकळे केस यंत्रात अडकण्याची भीती होती, म्हणून १९४३ साली सरकारच्या विनंतीवरून तिने केस वर बांधून दाखवले. त्याआधी १९४१ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने तिच्या केसांची मोजमापं छापली होती: डोक्यावर साधारण दीड लाख केस आणि एकेका केसाची जाडी ०.००२४ इंच. हिशेब केला तर ही जाडी सुमारे ६१ मायक्रॉन येते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साधारण ६० मायक्रॉनच्या आतले केस बारीक समजले जातात, म्हणजे जिच्या लाटेने अख्खा देश वेडा केला तिचे केस बारीक केसांच्या अगदी सीमेवर होते.

केसाच्या आत काय धरून ठेवतं

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या लांबच लांब साखळ्या केसाच्या लांबीला समांतर असतात आणि शेजारच्या साखळ्यांना जागोजागी जोडलेल्या असतात. या जोडण्यांचे दोन प्रकार आपल्या कामाचे. पहिला गंधकाच्या अणूंमधला डायसल्फाइड बंध. त्याला आपण पक्का बंध म्हणू. तो पाण्याने तुटत नाही. पर्मचं किंवा रिबाँडिंगचं रसायनच लागतं. दुसरा हायड्रोजन बंध. हा कच्चा बंध. एकेकटा अगदी दुबळा, पण संख्येने प्रचंड. पाणी आत शिरलं की तो सुटतो आणि पाणी गेलं की पुन्हा जुळतो.

सुटल्यावर तो जुन्याच जागी जुळेल असं मात्र नाही. वाळताना केस ज्या आकारात असेल, त्या आकाराला सोयीच्या जागी नवे बंध जुळतात. सुती साडीला इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो ते याच कारणासाठी. कापसाच्या धाग्यातही हेच कच्चे बंध असतात. पाण्याने ते सुटतात, इस्त्रीखाली पाणी उडून जातं आणि कापड सपाट असतानाच बंध पुन्हा जुळतात. अर्धवट ओली साडी घडी घालून ठेवली तर चुण्या पडतात, आणि पावसाळ्यात कडक इस्त्रीसुद्धा दुपारपर्यंत ढिली होते. केसांच्या सेटचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

ओल्या केसाच्या आत रेणूंच्या पातळीवर काहीतरी हलतं, हे इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात विल्यम ॲस्टबरी यांनी १९३०च्या दशकात क्ष-किरणांनी दाखवलं. लोकर आणि केस ओले करून ताणले की त्यांचं क्ष-किरण चित्र बदलतं, हे त्यांच्या लक्षात आलं. लोकरीच्या धंद्यासाठी चाललेलं हे संशोधन पुढे प्रथिनांची रचना समजण्याच्या मोठ्या कामाची पायरी ठरलं.

बारीक केसांची खरी अडचण

इथे विरळ आणि बारीक यांची गल्लत होते. विरळ म्हणजे केसांची संख्या कमी. बारीक म्हणजे एकेक केस कमी जाडीचा. डोकं भरून दाट केस असूनही एकेक केस रेशमी बारीक असू शकतो आणि आपण बोलतोय ते त्याबद्दल.

केसाचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ८० मायक्रॉनचा केस ५० मायक्रॉनच्या केसापेक्षा जाडीला १.६ पट, वजनाला सुमारे अडीच पट, पण वाकवायला तब्बल साडेसहा पट ताठ असतो. जाडी कमी झाली की वजन कमी होतं खरं, पण ताठपणा त्याहून कितीतरी जास्त कमी होतो. म्हणून बारीक केस पटकन वळतो, लवकर भिजतो, लवकर वाळतो आणि स्वतःच्याच वजनाने लवकर उलगडतो.

यातून व्यवहारातल्या दोन गोष्टी निघतात. बारीक केसांना वळण देताना ते हवं त्यापेक्षा बरंच घट्ट द्यावं लागतं, कारण त्यातलं काही उतरणारच आहे. आणि लांबी फार महत्त्वाची. मुळाजवळच्या भागाला खालच्या सगळ्या केसाचं वजन पेलावं लागतं, त्यामुळे कंबरेपर्यंतच्या सरळ केसांत वरचा भाग सपाट होतो आणि फक्त टोकांना वळण उरतं. त्या काळची ‘मिडी’ नावाची केशरचना खांद्याच्या आसपास संपायची. कडा गोलाकार आणि आत लेअर्स. लेअर्स कापले की प्रत्येक बटेला स्वतःपुरतंच वजन पेलावं लागतं. लांब केस कापायचे नसतील तर मी आग्रह धरणार नाही, पण मग चेहऱ्याभोवतीच्या बटांतच लाटा काढाव्यात आणि मागे अंबाडा घालावा. तेही जुन्या काळाला धरूनच आहे.

किती ओलं, आणि त्यात काय

केस धुऊन टॉवेलने टिपून घ्यायचे. पाणी ठिबकायला नको, पण बोटांना ओलं लागलं पाहिजे. ठिबकणारे केस रात्रभरात वाळत नाहीत. आणि फक्त स्प्रे बाटलीने वरवर ओले केले तर आतले कच्चे बंध नीट सुटतच नाहीत, मग वळण तरी कशाचं लागणार? कंडिशनर लावायचाच तर फक्त टोकांना आणि नावापुरता.

मग सेटिंग लोशन. हे पातळ द्रव वाळल्यावर केसांवर बारीकसा पापुद्रा धरतं, शेजारशेजारचे केस हलके चिकटवतं आणि बारीक केसाला नसलेला ताठपणा थोडासा उसना देतं. पूर्वी त्यासाठी ट्रागाकांथचा डिंक, बिहीदाणा किंवा जवसाचा चिकट अर्क वापरत. नंतर कारखान्यातली बहुवारिकं (पॉलिमर) आली. आपल्याकडे जवस तर चटणीसाठी घरात असतोच. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळायचे. पाणी चमच्यावरून तार धरून ओघळू लागलं की गॅस बंद करायचा आणि गरम असतानाच गाळायचं. गार झाल्यावर ते गाळणीतून उतरत नाही. बारीक केसांसाठी हा अर्क निम्मं पाणी घालून पातळ करावा. फ्रिजमध्ये तो आठवडाभर राहतो.

एक बट, जवळून

रोलर, कापडी पट्टा, चिंध्या, सगळ्यांनी वळण येतं. पण पर्म नसलेल्या बारीक केसांसाठी मला पिन कर्लच सगळ्यात भरवशाचा वाटतो. केसाची गोल वेटोळी डोक्यावर सपाट बसवून पिन लावायची, इतकाच तो. सपाट असल्यामुळे झोपता येतं, आणि मुळापासून टोकापर्यंत सगळा केस एकाच गोलाईत वाळतो.

टेल कोंबच्या, म्हणजे अणकुचीदार दांड्याच्या कंगव्याच्या, टोकाने साधारण इंचभर चौकोन वेगळा काढायचा. कपाळाच्या कडेला चौकोनाऐवजी त्रिकोण काढावा, म्हणजे नंतर ब्रश मारल्यावर तिथे टाळू दिसणाऱ्या फटी पडत नाहीत. बट कंगव्याने मुळापासून टोकापर्यंत इतकी गुळगुळीत करायची की त्यात एकही केस आडवा नको. इथली घाई पुढे महागात पडते. आडवा राहिलेला केस आडवाच वाळतो आणि नंतर कितीही ब्रश मारला तरी बाहेर डोकावतो. आता टोक तर्जनीभोवती गुंडाळायचं आणि बोट काढून घेत टाळूकडे वेटोळी घालत यायचं. टोक वेटोळीच्या आत, मधोमध असलं पाहिजे. ते दुमडलं गेलं तर वाळल्यावर माशाच्या गळासारखं वाकडं दिसतं आणि सगळ्या लाटेची शोभा घालवतं. टोकं फारच निसटत असतील तर टिश्यू पेपरचा छोटा तुकडा दुमडून त्यांच्यावर धरावा. वेटोळी आपल्या चौकोनावर आडवी बसली की सपाट क्लिप लावायची किंवा दोन काळ्या पिना एकमेकींना छेदून लावायच्या. क्लिपचा दाब केसावर खूण पाडत नाही ना, तेवढं पाहायचं.

वेटोळीचा व्यास बारीक केसांसाठी इंचभर, फार तर सव्वा इंच. ती बघून ‘एवढे बारीक कुरळे?’ म्हणून धास्तावायला होतं. ब्रशनंतर त्या दुप्पट-तिप्पट मोठ्या होतात.

दिशेला महत्त्व आहे. एका ओळीतल्या सगळ्या वेटोळ्या घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घालायच्या, त्याखालची ओळ उलट दिशेने. एक ओळ केसाला उजवीकडे वळवते, पुढची डावीकडे. ब्रश मारल्यावर त्या जोडीतून ‘एस’च्या आकाराची लाट निघते. शेवटच्या एक-दोन ओळी आतल्या बाजूला वळतील अशा घातल्या की टोकं मानेपाशी छान आत येतात. दिशा मनाला येईल तशी ठेवली तर वेटोळ्या एकमेकींच्या विरोधात जातात आणि लाट बनत नाही, नुसता फुगारा होतो.

वाळणं म्हणजे पूर्ण वाळणं

बहुतेकींचे कर्ल पडतात ते इथे. हाताला कोरडे लागणारे केस आतून ओलसर असू शकतात, कारण वेटोळीच्या मधल्या भागाला हवाच लागत नाही. तेवढ्यात पिना काढल्या तर उरलेले बंध केस मोकळा लोंबत असताना जुळतात, म्हणजे सरळ जुळतात.

एक खूण सांगते. मानेजवळच्या सगळ्यात दाट भागातली एक वेटोळी गालाला लावून पाहा. गार लागली तर आत पाणी आहे. ते उडून जाताना गारवा देतं. डोळ्यांपेक्षा गालाला हे आधी कळतं. कोरड्या हवेत रात्र पुरते. जुलैत मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तिथे रात्रसुद्धा अपुरी पडते. मग हूड ड्रायर (डोक्यावर बसणारा पार्लरमधला ड्रायर) किंवा हेअर ड्रायरला जोडायची कापडी टोपी वापरून मध्यम उष्णतेवर वाळवायचं आणि शेवटी दहा मिनिटं गार हवा सोडायची. उबदार केस अजून लवचीक असतो; गार झाल्यावरच तो आपला आकार धरतो. म्हणून गरम असताना पिनांना हात लावायचा नाही.

ब्रश: सगळं गेलं असं वाटतं ती वेळ

पिना काढल्यावर डोक्यावर घट्ट, उड्या मारणाऱ्या गुंडाळ्या असतात. पुष्कळ जणी इथेच थांबतात, कारण लाडाने कमावलेले कर्ल विंचरायला मन धजत नाही. मग त्या बोटांनी थोडे मोकळे करतात, वर स्प्रे मारतात, आणि जुन्या फोटोसारखं काही दिसत नाही. जुन्या फोटोतलं केशवैभव ब्रशनेच घडलेलं आहे.

माझ्या भाचीच्या केसांना पहिल्यांदा ब्रश लावला तेव्हा तिने आरशात बघून माझा हातच धरला. ‘‘मावशी, नको ना! सगळं गेलं बघ!’’ दिसत होतंही तसंच: डोक्याभोवती पिंजलेला, आकार नसलेला ढीग. ‘‘थांब गं, अजून कुठे झालंय,’’ म्हणत मी ब्रश चालूच ठेवला. दोनेक मिनिटांत कपाळाच्या उजव्या बाजूला एक कडा उमटली, तिच्याखाली खळगा, मग दुसरी कडा. मग तिनेच ब्रश मागितला.

हे होतं कशामुळे? एका वेटोळीतले सगळे केस एकाच गोलाईत वळलेले असतात, पण प्रत्येक वेटोळी शेजारणीपासून सुटी असते. ब्रशचे पहिले फटके या गुंडाळ्या फोडतात. केस एकमेकांपासून सुटतात, प्रत्येकाचं वळण वेगळ्या ठिकाणी येतं आणि सगळं फुगतं. पण गोलाई सगळ्यांची सारखीच असते. ब्रश फिरत राहिला की केस एकमेकांवर सरकत जातात आणि एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्यावर, खळगा खळग्यावर बसतो. अशी जुळणी झाली की हजारो केस मिळून एक लाट दिसते. अर्धवट ब्रश म्हणजे गुंडाळ्या फुटल्या पण जुळणी झाली नाही, म्हणून मधे थांबणं हाच सगळ्यात वाईट पर्याय.

‘कुरळ्या केसांना कोरडा ब्रश लावू नये’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल आणि तो बरोबर आहे, पण जन्मतः कुरळ्या केसांसाठी. तिथे शेजारच्या केसांची वळणं एकसारखी नसतात, त्यामुळे ती विस्कटली की पुन्हा जुळत नाहीत. सरळ केसांना पिनांनी दिलेली गोलाई एकसारखी असते, म्हणून हा ब्रश चालतो.

ब्रश दाट आणि मऊ दातांचा हवा, रानडुकराच्या केसांचा किंवा मिश्र. निव्वळ नायलॉनच्या दातांनी बारीक कोरड्या केसांत स्थिर वीज येते आणि केस एकमेकांपासून दूर पळतात. सुरुवात मानेजवळून, टोकांपासून. मग हळूहळू वर. सगळे केस कपाळापासून मागे घेऊन पूर्ण मोकळे करायचे. फुगारा शिगेला पोहोचला की मटारच्या दाण्याएवढं पोमेड किंवा मेणाचं क्रीम तळहातांवर पार दिसेनासं होईपर्यंत चोळायचं आणि हात केसांवरून फिरवायचे. त्याने वीजही शमते आणि केस एकमेकांना हलके धरतात. आता एका हातात ब्रश, दुसऱ्या हाताची बोटं मागोमाग केसांवर, असं हवं त्या आकाराकडे वळवत जायचं. लाटेचा खळगा दिसला की तिथे बोट दाबून कडा किंचित पुढे ढकलायची आणि खळग्यात सपाट क्लिप आडवी लावून दहा मिनिटं ठेवायची. स्प्रे त्यानंतर, हातभर अंतरावरून, एकच थर. जास्त स्प्रेने बारीक केस जड होतात आणि ज्यासाठी तो मारला तेच बिघडतं.

‘कर्लिंग टाँगने पंधरा मिनिटांत होतं की’

होतं, आणि एका संध्याकाळीपुरतं असेल तर त्यात वावगं काही नाही. टाँगही त्याच कच्च्या बंधांवर काम करतो; फरक इतकाच की तो केसातल्या उरल्यासुरल्या ओलाव्याच्या मदतीने केराटिनला उष्णतेने मऊ करतो. पण केस काही सेकंदच तापतो आणि मोकळा लोंबत असतानाच गार होऊ लागतो. म्हणून टाँगवरून काढलेली गरम गुंडाळी लगेच तळहातावर घेऊन पिनेने डोक्याला लावायची आणि सगळं डोकं गार झाल्यावरच सोडून ब्रश मारायचा. एवढ्यानेही फरक पडतो.

ओलसर केसांना टाँग लावणं मात्र घातक. आतल्या पाण्याची झपाट्याने वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात अक्षरशः बुडबुडे तयार होतात. त्वचारोगशास्त्रात या अवस्थेला ‘बबल हेअर’ असंच नाव आहे, आणि असा केस तिथे तुटतो. बारीक केस जाड केसांपेक्षा लवकर तापतात, त्यामुळे तापमान कमीच ठेवावं. दर आठवड्याला कुरळे केस हवे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: ओला सेट करा. त्यात वेळ जातो, पण केस जळत नाहीत, आणि तो टाँगपेक्षा जास्त दिवस टिकतो.

‘आम्ही तर तेल लावतो’

लावा, पण सेटच्या आदल्या दिवशी नको. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, हे मुंबईत मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं. मिनरल आणि सूर्यफुलाच्या तेलाशी तुलना करता धुतानाची प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली. केसांच्या तब्येतीसाठी हे चांगलंच. सेटच्या वेळी मात्र आपल्याला पाणी आत जाऊन सगळं सुटायला हवं असतं, आणि तेलकट केस त्याला नाखूश असतो. वर तेलाचं वजन येतं आणि पिनाही घसरतात. धुऊन तेल पूर्ण निघालं की मग सेट.

‘रिबाँडिंग केलंय, मग?’

रिबाँडिंगने पक्के बंध सरळ आकारात पुन्हा बांधलेले असतात. कच्चे बंध मात्र तसेच असतात, त्यामुळे ओला सेट लागतो, जरा कमी टिकतो इतकंच. अशा केसांची ताकद आधीच खर्च झालेली असते, म्हणून उष्णता नको आणि ओढून गुंडाळणं नको. त्यावर पर्म करण्याचा विचार तर मुळीच करू नये.

दमट हवेत किती टिकेल

पूर्णपणे दमट हवेत केस स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी ओढून घेऊ शकतो. हे पाणी तेच कच्चे बंध पुन्हा सोडवतं. म्हणून पुण्यात डिसेंबरमध्ये तीन-चार दिवस टिकणारा सेट दादरला ऑगस्टमध्ये एक दिवस काढेल. त्याला कोणतंही उत्पादन पूर्ण उत्तर देत नाही. वेटोळी अजून लहान घालणं, केस खरोखर पूर्ण वाळवणं आणि बाहेर पडताना डोक्याला स्कार्फ बांधणं, एवढं आपल्या हातात असतं. तो स्कार्फ आणि केसांची जाळी त्या काळच्या बायकांच्या पर्समध्ये याचसाठी असायची.

दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा सगळं भिजवायची गरज नसते. रात्री केस ब्रशने एकसंध करून सात-आठ मोठ्या वेटोळ्यांत, पहिल्या दिवशीच्या त्याच दिशांनी, कोरडेच गुंडाळायचे आणि सॅटिनचा रुमाल बांधून झोपायचं. ज्या बटा फारच सरळ झाल्या असतील, बहुधा कपाळावरच्या, तेवढ्यांनाच जवसाचं पातळ पाणी लावून नव्याने पिन करायचं. सकाळी त्या सगळ्यात शेवटी सोडायच्या, कारण त्याच सगळ्यात उशिरा वाळतात.